मन मोकळं करण्याची खोली

भिंगरीचं पोट शाळेच्या दिवशीच दुखायचं. सुट्टीच्या दिवशी तेच पोट दोनदा जेवून वर अजून काही आहे का म्हणून विचारायचं. डॉक्टरांनी ते दाबून पाहिलं, ठोकून पाहिलं, तिला जीभ बाहेर काढायला लावली, आणि शेवटी म्हणाले, "पोटात काही नाही. मनात काही आहे का बघा." मनात कसं बघायचं ते सांगायला मात्र ते थांबले नाहीत, कारण बाहेर रांग होती.

तिच्या बापाला हे वाक्य फार लागलं. बाप म्हणजे तत्काळराव. हे काही त्यांचं आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. पाणीपुरवठा कचेरीत ते तक्रारीच्या खिडकीवर बसतात, आणि आलेली तक्रार त्याच दिवशी निकालात काढायची हा त्यांचा बाणा, म्हणून कचेरीने त्यांना हे नाव बहाल केलं. समोरच्या माणसाचं वाक्य पुरं व्हायच्या आत यांचा फोन फिरलेला असतो. एकदा एक म्हातारे गृहस्थ खिडकीला टेकून नुसतं "पाणी..." म्हणाले, तर यांनी त्यांच्या गल्लीत खोदकाम सुरू करवलं. गृहस्थांना प्यायला पाणी हवं होतं.

हे तत्काळराव दुसरे कोणी असते तर मी त्यांची इतकी टिंगल केली नसती. पण त्यांची चप्पल माझ्या पायाला अगदी बरोबर बसते, चष्माही एकच चालतो, तेव्हा एवढा हक्क मला आहे असं समजा.

तर भिंगरी. चौथीतली. पूर्वी ती शाळेतून आली की दप्तर खांद्यावरून उतरायच्या आधी बोलायला लागायची आणि झोप लागली की थांबायची, तेही कधी कधी. आता सगळं चिडीचूप. "शाळेत काय झालं?" "काही नाही." "डबा खाल्लास?" "हो." "मैत्रिणी काय म्हणतात?" "काही नाही." सकाळ झाली की अंथरुणातच गुडघे पोटाशी घेऊन पडायची. तिची आई बिचारी जवळ बसायची, केसांतून हात फिरवायची, काही विचारायची नाही. तत्काळरावांना ही पद्धत अजिबात पसंत नव्हती. त्यांच्या मते हातबीत फिरवल्याने आजवर एकही पाइपलाइन दुरुस्त झालेली नाही.

शिवाय आपण बाप म्हणून किती जागरूक आहोत याचा पुरावाच त्यांच्याकडे होता. काही दिवसांपूर्वी, म्हणजे ती अजून बोलत होती तेव्हा, भिंगरी जेवता जेवता म्हणाली होती, "बाकावरची मैत्रीण ना, मी वाचायला लागले की हसते." झालं! तत्काळरावांनी हातातला घास ताटात ठेवला आणि दुसऱ्या दिवशी प्रार्थना संपायच्या आत शाळेत हजर झाले. लेखी तक्रार, तीन प्रतींत. मैत्रिणीला वर्गासमोर उभं केलं, माफी मागायला लावली, बाक बदलला. प्रकरण निकाली. हा किस्सा त्यांनी कचेरीत सगळ्या टेबलांवर जाऊन सांगितला, आणि ज्यांनी ऐकला नाही त्यांना जेवणाच्या सुट्टीत गाठलं.

त्यानंतर पोट दुखायला लागलं. पण या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून बघाव्यात, हे काही त्यांच्या डोक्यात आलं नाही.

अशात शाळेने पालकांसाठी व्याख्यान ठेवलं. शाळेच्या समुपदेशक बाई बोलणार होत्या, विषय होता मुलांचं मन. पालकांना मुलांच्याच बाकांवर बसवलं होतं, त्यामुळे सगळ्यांचे गुडघे हनुवटीला लागलेले आणि चेहरे नापास झाल्यासारखे. बाई फार समजुतीने बोलत होत्या. म्हणाल्या, "पहिली गोष्ट. मुलाला घरात हक्काची एखादी जागा हवी, जिथे त्याला मन मोकळं करता येईल."

तत्काळराव ताडकन उठले. बाक अरुंद असल्यामुळे तोही थोडासा त्यांच्याबरोबर उठला.

"अहो, बसा ना," बायकोने शर्ट ओढला. "दुसरी गोष्ट सांगतायत त्या."

"पहिलीचा तर निकाल लावू दे!" असं म्हणत ते दाराबाहेर पडलेसुद्धा. बायको शेवटपर्यंत बसली. घरी आली तेव्हा तिला स्वतःच्या घरात शिरता येईना, कारण अडगळीच्या खोलीतलं सगळं सामान दिवाणखान्यात आलं होतं. मोडका पंखा, एका चाकाची तिचाकी, व्यायामाचं यंत्र, आणि कधीकाळी लागतील म्हणून जपून ठेवलेली खोकी, ज्यांत इतर खोकी होती.

"ही जागा!" रिकाम्या कोठीत उभं राहून तत्काळराव म्हणाले. उभं राहून म्हणजे जरा वाकून, कारण आत एक फळी होती. "इथे आपली भिंगरी मन मोकळं करणार."

"अहो, पण त्या बाई पुढे म्हणाल्या—"

"एक मिनिट. सुताराला फोन लावतोय."

सुतार आला. हा असा कारागीर, की त्याला काम सोडून जगातल्या सगळ्या विषयांत गती होती. खोलीला दार हवं, ते घट्ट बसायला हवं, आतलं बोलणं बाहेर जाता कामा नये, एवढं ऐकून त्याने विचारलं, "साहेब, घरात काही भानगड आहे का?"

"मुलीला मन मोकळं करायचंय."

"मग दार कशाला बंद?" तो म्हणाला. प्रश्न तसा बिनतोड होता, पण सुताराने विचारलेल्या प्रश्नांना उत्तरं द्यायची नसतात, माप द्यायचं असतं.

दार म्हणजे बदल, आणि बदल म्हणजे सोसायटीची परवानगी. सेक्रेटरींकडे त्यासाठी छापील अर्ज होता. त्यात 'बदलाचे प्रयोजन' असा रकाना होता. तत्काळरावांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं: मन मोकळे करणे.

सेक्रेटरींनी चष्मा वर केला. "हे चालणार नाही. कपडे ठेवणे, भांडी ठेवणे, पुस्तके ठेवणे, यातलं काहीतरी लिहा."

"पण आम्हाला काही ठेवायचंच नाहीये. उलट बाहेर काढायचंय."

"मग कचरा लिहू का?"

एकवीस वर्षं खिडकीच्या आतल्या बाजूला बसलेल्या माणसाला खिडकीच्या बाहेर उभं राहणं कसं असतं ते त्या दिवशी कळलं. तत्काळरावांनी आवाज चढवला, नियमांवर बोट ठेवलं, आपल्या कचेरीचा दाखला दिला. सेक्रेटरी शांतपणे म्हणाले, "उद्या या." हे शब्द स्वतः कधीही न वापरल्याचा तत्काळरावांना अभिमान होता, त्यामुळे ते जास्तच झोंबले. तीन चकरांनंतर 'पुस्तके ठेवणे' या प्रयोजनाखाली मन मोकळं करायला मंजुरी मिळाली. अट एकच, सेक्रेटरी स्वतः येऊन पाहणी करणार.

तोवर इमारतभर बातमी. समोरच्या काकू कमरेवर हात ठेवून येऊन उभ्या राहिल्या. "रंग हिरवाच द्या हो. हिरव्याने मन शांत होतं. आणि हवा खेळती हवी, नाहीतर पोरगी गुदमरेल. दाराला वरच्या बाजूला झडपा ठेवायला सांगा." कचेरीतला हिशेबनीस म्हणाला, "हिरवा? छे! मुलांना पिवळा. पिवळ्याने माणूस बोलका होतो." तत्काळरावांनी कोणाचंच मन मोडायचं नाही म्हणून दोन्ही डबे एकत्र केले. जो रंग तयार झाला त्याकडे बघून मन मोकळं होण्याऐवजी मळमळायला लागायचं.

झडपांचं सांगणं मात्र सुताराने ऐकलं. फक्त त्याने दार उलटं बसवलं. त्यामुळे वरच्या झडपा आल्या खाली, जमिनीपासून वीतभर उंचीवर.

"हवा जड असते साहेब, खालीच बसते," सुतार म्हणाला. "आणि आतली मूठ राहिलीय, ती उद्या लावतो."

"अहो," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "त्या दिवशी बाई म्हणत होत्या की—"

"अगं, इथे दार उलटं लागलंय, आणि तुझं काय मध्येच!"

मग गाद्या आल्या, उशा आल्या, एक मंद दिवा आला. आणि खोली चालायलाही लागली. पण कशी, ते ऐका.

पहिल्यांदा काकू आल्या, "बघू तरी कशी झालीय," म्हणून. आत जाऊन बसल्या, दार नुसतं अर्धवट लोटून घेतलं, आणि सून आपल्याला विचारल्याशिवाय पडदे बदलते या विषयावर दिवेलागणीपर्यंत बोलत होत्या. ऐकायला तत्काळरावांची बायको. बाहेर आल्या तेव्हा डोळे पुसत होत्या. "फार हलकं वाटलं हो," म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवशी बहिणीला घेऊन आल्या. सेक्रेटरी पाहणीला आले, गादीवर टेकले, आणि म्हणाले, "सगळे माझ्याशी फक्त पाण्याच्या टाकीबद्दल बोलतात हो. कसे आहात म्हणून कोणी विचारत नाही." त्यांची पाहणी बराच वेळ चालली. खुद्द सुतार मूठ लावायला म्हणून आला, आत बसून लहानपणी आपल्याला गाणं शिकायचं होतं वगैरे सांगत राहिला, आणि मूठ न लावताच निघून गेला.

सगळ्या इमारतीचं मन मोकळं झालं. राहिली एकटी भिंगरी.

तत्काळराव तिला म्हणाले, "जा बाळा. बैस आत. बोल मनातलं." ती शहाण्यासारखी जाऊन बसली. बाप दाराबाहेर हातात पेन घेऊन उभा. लागलं तर टिपून घ्यायला. थोड्या वेळाने ती बाहेर आली.

"झालं?"

"झालं."

"काय वाटलं?"

"उशी मऊ आहे," ती म्हणाली आणि आपल्या पलंगावर जाऊन भिंतीकडे तोंड करून पडली.

त्या रविवारी तत्काळराव पार खचले. बायको भाजी आणायला गेली होती. दिवाणखान्यात ते व्यायामाच्या यंत्राला टेकून बसले, कारण खुर्चीवर खोकी होती. आपण एवढं सगळं केलं. सगळं ताबडतोब केलं. तरी पोरगी उद्या सकाळी गुडघे पोटाशी घेणारच. तिला काय होतंय हे त्यांना कळत नव्हतं, आणि न कळण्याची त्यांना सवय नव्हती. भीती वाटत होती हो. आणि अशी भीती वाटली की ते जे नेहमी करतात तेच त्यांनी केलं. दुरुस्तीला उठले. खोलीतच काहीतरी कमी असणार, या विचाराने आत गेले आणि आतून कसं वाटतं ते नीट कळावं म्हणून दार ओढून घेतलं.

दार झकास बसलं. या घरात त्या सुताराच्या हातून नीट झालेली ती एकमेव गोष्ट. आणि आतून मूठ नव्हती.

त्यांनी दार ढकललं. खांद्याने ढकललं. मग मानमरातब सोडून पाठीने ढकललं. दार जागचं हललं नाही.

"भिंगरी! अगं ए भिंगरी!"

ती धावत आली. तिने बाहेरून मूठ धरून सगळ्या ताकदीने ओढली, आणि मूठ दांड्यासकट तिच्या हातात आली.

"बाबा, मूठ माझ्याकडे आलीय," ती म्हणाली.

"दार?"

"दार तिथेच आहे."

तत्काळरावांचा फोन बाहेर टेबलावर होता. तिने त्यावरून आईला सांगितलं, सुताराला सांगितलं. आई भाजीबाजारातून निघाली. सुतार म्हणाला, येतो, तातडीचं असेल तर नक्की येतो. मग दोघांना करायला काही उरलं नाही. आवाज नीट ऐकू येईना, तेव्हा तत्काळराव गादीवर आडवे झाले आणि त्यांनी खालच्या झडपांना कान लावला. पाणीपुरवठ्याचा वरिष्ठ कारकून आपल्याच घरात जमिनीवर पालथा. त्यांना स्वतःचंच हसू आलं, आणि मग का कोण जाणे, डोळ्यांत पाणी आलं.

"बाबा, रडतोयस का?"

"नाही गं. मान आखडलीय."

भिंगरीने विचारलं, "तुला आता बाहेर येताच येणार नाही?"

"नाही."

"अजिबात?"

"सुतार येईपर्यंत अजिबात नाही."

"फोन माझ्याकडेच आहे ना?"

"हो."

"आणि पेन?"

"तेही टेबलावर असेल. का गं?"

दाराला काहीतरी टेकल्याचा आवाज झाला. ती पाठ टेकून खाली बसली होती. झडपांतून त्यांना तिच्या फ्रॉकची कड दिसत होती, बाकी काही नाही.

"मग एक सांगू?"

"सांग."

"मला शाळेत कोणी खेळायला घेत नाही."

तत्काळराव उसळले. म्हणजे उसळायला गेले, आणि डोकं फळीवर आपटलं.

"काय झालं?"

"काही नाही. तू बोल."

"तू त्या दिवशी आला होतास ना शाळेत. तिला सगळ्यांसमोर सॉरी म्हणायला लावलं. ती हसायची, पण मीपण हसायचे. मी वाचताना गंमत व्हायची ना, म्हणून आम्ही दोघी हसायचो. मी तुला ते नुसतं सांगत होते."

तत्काळरावांच्या डोक्यात एकाच वेळी चार उपाय आले. मुख्याध्यापिकांना फोन. त्या मुलीच्या घरी जाऊन माफी. बाक परत बदलण्याचा अर्ज. चौथा आता आठवत नाही. हात फोनकडे गेला, तिथे उशी होती. पेनाकडे गेला, तिथेही उशी होती. शेवटी करण्यासारखं जगात काहीच उरलं नाही, तेव्हा ते म्हणाले, "मग?"

"मग सगळ्या म्हणायला लागल्या, हिच्याशी बोलू नका, हिचे बाबा येतील. मधल्या सुट्टीत मी पाण्याच्या टाकीपाशी उभी राहते. तहान लागलीय असं दाखवायचं म्हणून पाणी पीत राहते. नाहीतर एकटी उभी आहे असं दिसतं." तिने नाक ओढलं. "आणि सकाळी उठलं की ते सगळं आठवतं, आणि पोट खरंच दुखतं. मी खोटं सांगत नाही."

"खोटं नाहीच बाळा. मला माहीत आहे." ते म्हणाले. "मला का नाही सांगितलंस गं?"

"तू आला असतास ना."

तिने हे रागाने म्हटलं असतं तर बरं झालं असतं. ती नुसतं सांगत होती. तत्काळरावांनी उशी तोंडाशी धरली, आणि त्या मळमळत्या रंगाच्या खोलीत शेवटी घरमालकाचंही मन मोकळं झालं. शहरभरच्या तक्रारी ज्याने त्याच दिवशी मिटवल्या, त्याच्या घरातल्या एवढ्याशा पोरीला बापाला काही सांगायचं तर बाप आधी कोंडून घालावा लागला.

"चुकलंच माझं," ते म्हणाले. "आता मी काय करू?"

"काही करू नको."

"थोडंसं तरी?"

"बाबा!"

"बरं, बरं." मग जरा वेळाने, फार जपून, "तुमच्या शाळेत त्या बाई आहेत ना, मुलांशी बोलणाऱ्या. तुला वाटलं तर त्यांच्याशी बोलायचं का? तुला वाटलं तरच."

भिंगरीने विचार केला. "तू आत येणार?"

"तू म्हणशील तसं."

"तू बाहेर बस. दार लावून."

"बसतो."

"आणि उद्या परत पोट दुखलं तर?"

"तर मला सांग."

"मग तू काय करशील?"

आयुष्यातल्या कुठल्याही तक्रारीला त्यांना उत्तर द्यायला इतका वेळ लागला नव्हता. "तुझ्याजवळ बसेन," ते म्हणाले.

बाहेर काहीतरी सैल झालं असावं, कारण ती आता दाराकडे तोंड करून आडवी झाली आणि झडपांतून तिचा एक डोळा दिसायला लागला. मग ती बोलायला लागली. टाकीच्या नळातून येणाऱ्या मुंग्यांबद्दल, त्या मैत्रिणीने काल लांबून हात हलवला की केस मागे केले ते नक्की कळलं नाही याबद्दल, चित्रकलेच्या सरांच्या शिंकेबद्दल. बाप फक्त "मग?" म्हणत होता. त्या शब्दात एवढी जादू असेल असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

बायको भाजीची पिशवी घेऊन आत आली, जमिनीवर आडव्या पडून दाराशी बोलणाऱ्या पोरीकडे तिने पाहिलं, आणि पिशवी बाजूला ठेवून तिथेच बसली. तेवढ्यात सुतार पटाशी घेऊन धापा टाकत पोहोचला आणि थेट दाराला भिडला.

"थांबा हो!" आतून आवाज आला.

"अहो साहेब, तातडीचं म्हणून हातातलं काम टाकून आलोय!"

"घाई नाही. चहा घ्या. अजून तिचं झालं नाहीये."

सुतार पटाशी हातात धरून बघतच राहिला. बायको झडपांपाशी वाकून म्हणाली, "अहो, त्या बाई पुढे काय म्हणाल्या होत्या—"

एरवी इथे काहीतरी आडवं यायचं. आज आतून हळूच प्रश्न आला, "काय म्हणाल्या होत्या?"

"एवढंच, की मूल बोलायला लागलं की आधी ऐकून घ्या. लगेच उठू नका."

"उठता येतच नाहीये," आतून तत्काळराव म्हणाले.

"आई, थांब ना! मी सांगत होते ना," भिंगरी वैतागली.

"हो गं, हो," दारामागून बाबा म्हणाले. "मग?"